मापकाकांचा भागाकार

मापकाकांनी हीटर आणला तो काकूंना न विचारता, आणि पुढचं सगळं रामायण तिथूनच घडलं असं काकू आजही म्हणतात. काकांना न विचारता आणलेल्या वस्तूंबद्दल काकू काहीच म्हणत नाहीत, पण तो विषय वेगळा.

मापकाका वजनमापे खात्यात निरीक्षक होते. दुकानदारांचे तराजू, कापडवाल्यांच्या मीटरपट्ट्या, रॉकेलची मापं हे सगळं तपासून त्यावर शिक्का मारायचा, हे त्यांचं काम. कोणाचं वजन पाच ग्रॅम कमी भरलं तर ते त्या दुकानदाराकडे अशा नजरेनं बघत की तो बिचारा स्वतःच्या बापाचं नाव विसरायचा. इमारतीतल्या लोकांनी त्यांना मापकाका हे नाव ठेवलं तेव्हा त्यांनी नापसंती दाखवली, पण एकदा कोणी नुसतं 'काका' म्हणालं तर त्यांना चुकल्याचुकल्यासारखं झालं होतं.

तर हीटर. थंडी सुरू झाली होती आणि काकांची पाठ सकाळी धरायची. पाठीमागे हीटर लावून, समोर पेपर धरून उभं राहायचं, असा त्यांचा नवा क्रम सुरू झाला. पाठ सुटली, पण दोन-तीन दिवसांतच इमारतीचा मेन पडायला लागला. जिन्याखालच्या पेटीत सगळ्या घरांचा मिळून एक मेन होता. तो 'खट्' करून खाली आला की दोन्ही मजले एकदम गप्प. पाण्याचा पंप थांबायचा, अंघोळीला बसलेली माणसं साबणासकट ओरडायची, आणि ज्यांना ओरडता येत होतं ते सगळे जिन्याखाली जमायचे.

जमलेल्यांपैकी प्रत्येकाला विजेतलं कळत होतं. पहिल्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर म्हणाले की मेन हा दाढेसारखा असतो, दुखणं वर दिसतं पण मूळ खाली असतं. सोसायटीचे सेक्रेटरी पोस्टातून निवृत्त झालेले. त्यांच्या मते जिन्याला रंग दिल्यापासून हे सुरू झालं होतं. मग रंगाचा डबा शोधला गेला, त्यावर काय लिहिलंय ते वाचलं गेलं, आणि रंगाला क्लीन चिट मिळाली. शेवटी कोणीतरी हळूच म्हणालं, तळमजल्यावर शिवणताईंचं मशीन सकाळपासून चालतं, नाही का.

शिवणताई एकट्या राहायच्या आणि घरच्या घरी कपडे शिवायच्या. त्या वर्षी त्यांना प्रथमच एका शाळेच्या गणवेशांचं काम मिळालं होतं. नाताळच्या सुट्टीनंतर शाळा उघडायच्या आत ते दिलं तर दरवर्षीचं काम त्यांचंच, नाही दिलं तर पुन्हा ब्लाउज आणि पडद्यांच्या झालरी. म्हणून त्यांनी मशीनला मोटर बसवून घेतली होती. त्यांचं दार मेनच्या अगदी जवळ होतं आणि सोसायटीच्या कमिटीत त्यांच्या बाजूचं कोणी नव्हतं. संशयाला एवढं पुरतं.

पण मापकाका न्यायी गृहस्थ. मोजल्याशिवाय कोणावर ठपका ठेवायचा नाही, हे त्यांनी तिथल्या तिथे जाहीर केलं. शाळेत शिकलेलं सूत्र त्यांना पक्कं आठवत होतं. एक त्रिकोण. वर व्होल्ट, खाली एका कोपऱ्यात अँपिअर, दुसऱ्या कोपऱ्यात जे काढायचं ते. त्या कोपऱ्यावर अंगठा ठेवायचा आणि व्होल्टला अँपिअरनं भागायचं, की आला जोर. कोणती वस्तू किती जोरात वीज खाते ते कळतं.

इथे वाचकाला सांगून टाकलेलं बरं, की वीज किती खाल्ली ते काढायला भागाकार नाही, गुणाकार करतात. भागाकार केला की निघतो तो रोध, म्हणजे ती वस्तू विजेला किती अडवते ते. गुरुजींनी वर्गात 'रोध' असंच सांगितलं होतं. पण काका शेवटच्या बाकावर, खिडकीबाहेर कोणीतरी पत्रे ठोकत होतं, आणि काकांच्या कानापर्यंत पोचला तो 'जोर'. त्या दिवसापासून आजतागायत काका व्होल्टला अँपिअरनं भागून जोर काढत होते. सुदैवानं आयुष्यात तशी वेळच आली नव्हती.

आता आली. काकांनी चष्मा पुसला, घराघरांत जाऊन वस्तूंच्या पाठीवर छापलेले आकडे वाचले आणि बसून हिशेब केला. सुरुवात स्वतःपासून, कारण माणूस न्यायी. हीटर: दोनशे तीस व्होल्ट, दहा अँपिअर. भागाकार तेवीस. शिवणताईंची मोटर: दोनशे तीस व्होल्ट, अर्धा अँपिअर. भागाकार चारशे साठ. काकांनी पेन खाली ठेवलं. वीस पट. त्यांच्या हीटरच्या बरोब्बर वीस पट.

पुढचे आकडे तर त्यांना स्वतःलाच खरे वाटेनात. रात्री जिन्यात जळणारा चिमुकला दिवा, दोन हजार तीनशे. दारावरची घंटी, चार हजार सहाशे. सेक्रेटरींच्या कानाचं यंत्र चार्ज करायची काडेपेटीएवढी डबी होती, तिचा आकडा साडेअकरा हजारांवर गेला. जी वस्तू जितकी लहान, तितकी ती राक्षसी निघत होती. एखाद्या दुकानदाराच्या तराजूवर लवंग हत्तीपेक्षा जड भरली असती तर काकांनी तराजू जप्त केला असता. पण हा तराजू त्यांचा होता.

काकूंनी मात्र एक शंका काढली. घंटी वाजवली की दिवे काही मंद होत नाहीत, हीटर लावला की होतात, असं त्या म्हणाल्या. काकांनी त्यांना समजावलं की हा झाला अनुभव, विज्ञान वेगळं. विज्ञान म्हणजे डोळ्यांना दिसतं त्याच्या नेमकं उलट, म्हणून तर ते शिकावं लागतं. काकूंनी हात टेकले आणि भाजी निवडायला घेतली.

सोसायटीची सभा झाली. काकांनी आकडे वाचून दाखवले तेव्हा घंटीच्या आकड्याला सभेनं श्वास रोखला. डॉक्टर म्हणाले की आपण इतकी वर्षं दारावर बॉम्ब टांगून झोपत होतो. ठराव एकमतानं पास झाला: सगळ्या घंट्या काढायच्या, जिन्यातला दिवा बंद, सेक्रेटरींची डबी बंद, आणि शिवणताईंनी मोटर चालवायची नाही.

शिवणताई भिंतीला टेकून उभ्या होत्या. गणवेशांचं काम आहे, असं त्या एकदा म्हणाल्या. मग काकांकडे बघून म्हणाल्या, "मापकाका, पायानं चालवलं तर चालेल ना?"

"खुशाल चालवा," काका म्हणाले. "पायाला वीज लागत नाही."

सभा हसली. ताई हसल्या नाहीत, पण रागावल्याही नाहीत. "तुम्ही मोजलंय म्हणजे बरोबरच असणार," त्या म्हणाल्या. "तुमचं कामच ते."

हे वाक्य ऐकून मापकाका त्या संध्याकाळी इतके खूश होते की जेवताना त्यांनी काकूंना ते दोनदा ऐकवलं.

घंट्या गेल्या आणि इमारतीची रया गेली. दूधवाला खालून नाव घेऊन हाका मारू लागला, आणि नावं त्याला नीट माहीत नव्हती. डॉक्टरांचे पेशंट ठणकणारी दाढ धरून भलत्याच दारावर थापा मारायचे आणि आत गेल्यावर 'आ' करून बसायचे. अंधाऱ्या जिन्यात कोण कोणावर आपटलं याची गणती राहिली नाही. सेक्रेटरींचं कानाचं यंत्र चार्जिंगशिवाय बंद पडलं, त्यामुळे त्यांच्याशी एक वाक्य बोलायला वर्तमानपत्राच्या कडेवर लिहून दाखवावं लागे, आणि ते सवयीनं शुद्धलेखन तपासून परत देत.

एवढं करून मेन पडतच होता. रोज सकाळी, काकांची पाठ छान शेकत आली की खट्. काकांनी निष्कर्ष काढला की कोणीतरी चोरून घंटी वापरतंय. मग ते हीटर चालू ठेवूनच घरोघर शोध घ्यायला निघायचे, आणि मेन पडला की जिथे असतील तिथल्या माणसाकडे रोखून बघायचे. त्यातच डॉक्टरांशी त्यांची बोलाचाल बंद झाली.

तळमजल्यावरून आता पायमशीनचा आवाज यायचा. मोटरचा कसा एकसारखा गुणगुणता असतो तसा नाही, धापा टाकल्यासारखा, थांबत थांबत. ताईंचा एक गुडघा मुळातच दुखरा होता. काकूंनी त्यांना लंगडत पाणी भरताना पाहिलं आणि वर येऊन काकांना सांगितलं. काका म्हणाले, वाईट वाटतं, पण आकड्यांपुढे कोणाचं चालत नाही.

शेवटी वीज कचेरीत जाऊन इमारतीचा मंजूर भार वाढवून घ्यायचा असं ठरलं. काका सुट्टी टाकून गेले. खिडकीतल्या कारकुनानं एकूण भार विचारला. काकांनी बेरीज सांगितली. कारकुनानं ती पुन्हा विचारली, मग चष्मा कपाळावर चढवून काकांकडे बघितलं आणि विचारलं की एवढी वीज लागते तरी कशाला.

"मुख्य म्हणजे घंट्यांना," काका म्हणाले.

"किती घंट्या?"

"आता बंद आहेत. पण लोकांची मागणी आहे."

कारकून म्हणाला की मग इथे का आलात, घंट्यांच्या कारखान्याचं काम वरच्या मजल्यावर. वर कारखाने विभागात काकांना विचारण्यात आलं की घंट्या पितळी की लोखंडी, भट्टी आहे का, आणि धुराड्याची उंची किती. काकांनी तीन वेळा सांगितलं की ही राहती इमारत आहे. त्यावर तिथले साहेब गंभीर झाले आणि म्हणाले की राहत्या इमारतीत कारखाना म्हणजे तर फारच वाईट. काकांनी आयुष्यभर दुसऱ्यांना कचेरीत असं उभं केलं होतं. स्वतः उभं राहण्याची ही पहिलीच खेप, आणि तेही न केलेल्या गुन्ह्यासाठी. केलेला गुन्हा अजून त्यांना माहीत नव्हता.

चार-आठ दिवसांनी वीज कचेरीच्या इंजिनीअर बाई बेकायदा घंटाकारखाना तपासायला आल्या. सेक्रेटरींना ऐकू येत नसल्यामुळे त्यांनी बाईंचं गॅस सिलिंडरवाल्या म्हणून स्वागत केलं. बाईंनी गच्ची पाहिली, जिना पाहिला, कारखाना कुठे दिसेना. मग त्यांनी काकांकडून हिशेबाचा कागद मागून घेतला आणि जिन्याच्या वळणावर उभं राहून वाचला. बाजूला काकांशिवाय कोणी नव्हतं, हे एक त्यातल्या त्यात बरं.

"तुम्ही भागाकार केलाय का?" बाईंनी विचारलं.

"अर्थात. जोर काढायचा तर भागायलाच हवं."

"जोर नाही हो काका. रोध. भागलं की रोध निघतो, तो ओहममध्ये. वीज किती लागते ते हवं असेल तर गुणायचं. ते वॉट." बाई जाता जाता सांगावं तसं सांगत होत्या. "तुमचे आकडे चुकलेले नाहीत, फक्त ते कशाचे ते लिहिलेलं नाही."

काकांच्या कानात एकदम पत्रे ठोकल्याचा आवाज सुरू झाला. जोर नाही, रोध. त्यांनी मनातल्या मनात गुणलं. हीटर, दोनशे तीस गुणिले दहा, दोन हजार तीनशे वॉट. शिवणताईंची मोटर, दोनशे तीस गुणिले अर्धा, एकशे पंधरा. घंटी साडेअकरा. सेक्रेटरींची डबी, जिच्यापायी तो म्हातारा माणूस बहिरा होऊन बसला होता, पाचसुद्धा नाही. त्यांनी पुन्हा हीटरला मोटरनं भागून पाहिलं. वीस पट. वीस पट बरोबरच होतं, फक्त उलटं.

आकड्यापुढे ग्रॅम की मिलिलिटर ते लिहिलं नाही म्हणून काकांनी कितीतरी दुकानदारांना दंड केला होता. आता त्यांना त्या जिन्यात कोणी दंड केला असता तर फार बरं वाटलं असतं. पण बाईंनी 'कारखाना आढळला नाही' असा शेरा मारला, बाकीच्यांना तुम्हीच सांगा म्हणाल्या, आणि गेल्या.

काकांनी कोणालाच सांगितलं नाही. हे लिहायला बरं वाटत नाही, पण तसंच झालं. त्यांनी हीटर गुपचूप माळ्यावर टाकला, पुढे दोन जुन्या बॅगा लावल्या, आणि पाठ आता बरी आहे असं काकूंना सांगितलं. काकूंनी बॅगांकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं, आणि काही बोलल्या नाहीत. संसारात एवढं भयंकर काही नसतं. काकांचा विचार असा की मेन आपोआप पडायचा थांबेल, मग आपोआप घंट्या येतील, मग आपोआप मोटर सुरू होईल, आणि कोणाला काही कळायचं कारण नाही.

मेन खरोखरच पडायचा थांबला. पण लोक काय म्हणाले? लोक म्हणाले, बघा, मशीनची मोटर बंद केल्याचा शेवटी गुण आला. मापकाकांनी अचूक ओळखलं. डॉक्टर घरी येऊन काकांचा हात हातात घेऊन गेले. सेक्रेटरींनी कागदावर लिहून दिलं की ताईंची मोटर कायमची बंद ठेवण्याचा ठराव पुढच्या सभेत आणतोय, आणि खाली 'आपला ऋणी' म्हणून सही केली. खालून मशीनचा धापा टाकणारा आवाज येत होता. शाळा उघडायला आता फार अवकाश नव्हता. शाळेचा शिपाई येऊन गेला होता आणि गणवेश वेळेवर होणार नसतील तर निम्मे दुसरीकडे द्यावे लागतील असं बजावून गेला होता, ही बातमी काकूंनी ताट वाढता वाढता सांगितली. त्या रात्री काकांना जेवण गेलं नाही. त्यांना स्वतःची इतकी लाज वाटत होती की ते आरशासमोर न जाता तसेच, अंदाजानं दाढी करत होते.

सभेत त्यांनी सांगून टाकलं. उभे राहिले, घसा खाकरला आणि म्हणाले की माझा हिशेब चुकला होता, मेन माझ्या हीटरनं पडत होता, ताईंच्या मोटरचा काही दोष नाही.

मग डॉक्टरांचे डोळे पाणावले. ते म्हणाले की याला म्हणतात मनाचा मोठेपणा, एका शेजारणीसाठी काका सगळा दोष स्वतःवर घेतायत. कोणीतरी टाळ्या वाजवल्या. काका म्हणाले, नाही हो, खरंच चुकलं, भागाकाराऐवजी गुणाकार हवा होता. त्यावर लोक आणखीच गहिवरले. मापकाका आणि चूक, कोणाला पटणार? सेक्रेटरींनी टाळ्या पाहून ठराव मंजूर झाला असं समजून सही केली. शिवणताई भिंतीला टेकून काकांकडे बघत होत्या. "माझ्यासाठी कशाला खोटं बोलताय काका," त्या म्हणाल्या. "माझे पाय आहेत की."

काकांना त्या क्षणी जमीन दुभंगेल तर बरं असं वाटलं. आजवर खोट्या वजनाच्या लोकांनी आपल्यापुढे कितीदा शपथा घेतल्या होत्या आणि आपण एकाचंही ऐकलं नव्हतं, ते त्यांना आठवलं. तोंडी सांगण्यावर त्यांचाही कधी विश्वास नव्हता. तेव्हा ते म्हणाले, "चला माझ्याबरोबर."

माळ्यावरच्या बॅगा त्यांनी सगळ्यांदेखत काढल्या. हीटर धुळीनं माखला होता. ज्याअर्थी तो लपवला होता त्याअर्थी काहीतरी होतं, हे तिथेच दोघा-तिघांच्या ध्यानात आलं आणि टाळ्यांचा सूर उतरला. काकांनी खाली पंप चालू करायला सांगितलं, हीटरचं बटण दाबलं आणि बाजूला उभे राहिले. पाठ शेकली नाही. पहिल्या मजल्यावरचे आणि तळमजल्यावरचे दिवे एकदम गेले, पंप थांबला, आणि न्हाणीघरातून कोणीतरी साबणासकट ओरडलं.

मघाशी टाळ्या वाजवणाऱ्यांनी हात खिशात घातले. ते फारच वाईट होतं.

मग उलटी परीक्षा. हीटर बंद. कपाटातून घंट्या काढून दारांवर चढवल्या, जिन्यातला दिवा लावला, सेक्रेटरींची डबी लावली, पंप चालू केला. काका जिन्याखाली मेनपाशी जाऊन उभे राहिले आणि शिवणताईंना मोटर जोडून मशीन चालवायला सांगितलं. ताईंनी दार उघडं ठेवून एक निळी पँट मशीनखाली घातली. मशीन गुणगुणायला लागलं. वर सगळ्यांनी एकाच वेळी घंट्या दाबल्या आणि इमारतीत असा कल्लोळ उठला की सेक्रेटरींनासुद्धा काहीतरी ऐकू आलं.

काकांचे डोळे मेनच्या खटक्यावर खिळले होते. खरं सांगायचं तर एवढं सगळं केल्यावरही, अगदी त्या क्षणीसुद्धा, त्यांच्या मनात एकच इच्छा होती: पडावा. एकदा, चुकून का होईना, पडावा. म्हणजे ताईंचंही थोडं चुकलेलं असेल, आणि आपण अगदीच एकटे राहणार नाही. आपल्या मनात हे आलं, हे त्यांना स्वतःला कळलं, आणि हीटर लपवण्यापेक्षाही त्याची त्यांना जास्त लाज वाटली.

खटका पडला नाही. घंट्या दाबून लोकांची बोटं दुखली आणि एक एक घंटी थांबली. लोक जिना उतरून खाली आले, काकांना वळसा घालून, त्यांच्याकडे न बघता, ताईंच्या दारापाशी उभे राहिले. मशीन चालूच होतं. पँटची एक शिवण संपली, ताईंनी दोरा तोडला, दुसरी घेतली. परीक्षा केव्हाच संपली होती, पण थांबा असं त्यांना कोणी सांगितलं नाही. सांगायचा अधिकार कोणाचा, हे कोणालाच कळेना.

मग ताईंनीच हात थांबवला आणि दुखरा पाय लांब करून दारातून काकांकडे पाहिलं.

"झालं का मोजून?" त्यांनी विचारलं. त्यांचा आवाज साधाच होता. "की अजून शिवून दाखवू?"

"शिवा, ताई," काका म्हणाले. "मला दाखवायला नको. तुमचं शिवा."

ताईंनी मान हलवली आणि ढिगातली पुढची पँट घेतली. काका मेनची पेटी बंद करायला वळले, पण कडी दिसावी म्हणून आधी त्यांना चष्मा काढून पुसावा लागला.